घरात कुणी आजारी होतं का?

मागच्या महिन्यात आमच्या मांजराला, भुरीला, रेबीजची लस द्यायला घेऊन गेले होते. एका टोपलीवर दुसरी टोपली उपडी बांधून तिला न्यायची आमची पद्धत आहे. रिक्षात ती सगळा रस्ता एका सुरात ओरडते आणि डॉक्टरांच्या फाटकात शिरलो की एकदम गप्प होते. आमच्या पुढं बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. सुतळीच्या दोरीला बांधलेलं तांबूस कुत्रं, गावठीच, पण अंगानं भरलेलं. त्याचं नाक गळत होतं आणि मधूनच ते मान खाली घालून खोकत होतं, घशात काही अडकल्यासारखं. डॉक्टरांनी त्याचा जबडा उघडून बघितला, बरगड्यांवरून हात फिरवला आणि कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का?" पोरगा लगेच म्हणाला, "हो सर. आजोबाला आठ दिवस झाले ताप हाय, खोकला बी हाय. हे त्यांच्याच बाजंखाली झोपतंय." डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. पोरानं औषधाची चिठ्ठी खिशात घातली, दोरी मनगटाला गुंडाळली आणि कुत्र्याला घेऊन उन्हात निघून गेला.

मी बाकावरच बसून होते. टोपलीवर ठेवलेला माझा हात घामानं ओला झाला होता.

हाच प्रश्न, याच डॉक्टरांनी, याच बाकावर मला २०२१ च्या एप्रिलमध्ये विचारला होता. मी "नाही" म्हणाले होते.

परभणीचा एप्रिल काय असतो ते इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. त्यात आमची वरची खोली पत्र्याची. कोरोनाचा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी मी गादी, चादर, पाण्याचा माठ आणि गोळ्यांची पिशवी घेऊन वर गेले. खाली आत्याबाई होत्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आणि दम्याच्या. त्यांना काही व्हायला नको, एवढं एकच डोक्यात होतं. हे ताट आणून जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायचे, कडी वाजवायचे आणि मी दार उघडेपर्यंत खाली उतरलेले असायचे. त्यात त्यांचा दोष नव्हता, मीच तसं बजावलं होतं. पण दार उघडल्यावर वाफाळतं ताट दिसायचं आणि माणूस दिसायचं नाही, तेव्हा घास उचलायला वेळ लागायचा. वास गेला होता. लिंबाची फोड नाकाशी धरली तरी पाणी हुंगल्यासारखं वाटायचं. दिवसभर पत्रा तापून कडकड वाजायचा, संध्याकाळी निवताना पुन्हा वाजायचा, आणि रात्री गल्लीतून रुग्णवाहिका गेली की खालच्या घरात आत्याबाईंचं पुटपुटणं वाढायचं. फोनवर रोज कुणीतरी गेल्याचं कळत होतं. मी ऑक्सिमीटर बोटाला लावून बसायचे. आकडा ९५ चा ९४ झाला की बोट बदलून बघायचे.

तिसऱ्या रात्री भुरी आली. कूलरच्या खिडकीला लावलेला पुठ्ठा एका कोपऱ्यात सुटला होता, तिथून ती अंग चोरून आत शिरली. आधी कूलरच्या पाण्याला तोंड लावलं, मग ओल्या फरशीवर पाय ताणून पडली, आणि पहाटे कधीतरी माझ्या काखेत येऊन झोपली. तीन दिवसांत मला कुणाचा स्पर्श नव्हता. तिच्या पोटाचं ते ऊबदार वर-खाली होणं हाताला लागलं आणि मला रडू आलं, ते किती वेळ थांबेना. सकाळी तिला खाली हाकलायला हवं होतं. मी उलट तो पुठ्ठा आणखी थोडा वाकवून ठेवला, येण्या-जाण्याला सोपं पडावं म्हणून. पुढच्या नऊ रात्री ती माझ्याजवळ झोपली, माझ्या ताटातला दूध-भाताचा घास तिला जात होता, आणि मी खोकत होते तेव्हा ती माझ्या छातीवर होती. वास परत आला तो तिच्यातूनच. एका सकाळी तिच्या दोन कानांमधल्या जागेला नाक लावलं तर गच्चीवर वाळत घातलेल्या गोधडीसारखा वास आला. मी यांना जिन्यावरून ओरडून सांगितलं, "आला! वास आला!" खाली आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी भुरी शिंकली.

मांजराची शिंक बारीक असते, फुस्स म्हणून संपते. पण ती एकामागून एक पाच-सहा शिंकायला लागली आणि दर वेळी डोकं जमिनीला टेकायला लागली. संध्याकाळी तिच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून तो पांढुरका पडदा अर्ध्यापर्यंत सरकून आलेला दिसला. नाकाच्या टोकावर एक थेंब लोंबत होता, तो पंजानं पुसायचंही तिनं सोडून दिलं होतं. दूध हुंगून मागं सरली. जी मांजर ताटलीचा आवाज ऐकून तीन घरांपलीकडून येते, तिला दुधाचा वास येत नव्हता हे मला एकदम समजलं, कारण मी नुकतीच त्यातून उठले होते. दोन दिवस ती कूलरच्या मागं तोंड भिंतीकडं करून बसली. माझ्याजवळ पॅरासिटामॉलच्या गोळ्या होत्या. मी एका गोळीचे चार तुकडे केले, त्यातला एक तिच्यासाठी कागदात बांधून ठेवला. जबडा उघडायला कुणी धरायला नव्हतं, म्हणून तेवढ्यावर राहिलं.

माझा तेरावा दिवस होता. ताप उतरून आठवडा झाला होता, खोकला मात्र होता. हे तिला धरायला गेले तर त्यांच्या मनगटाला तिनं चांगलंच ओरबाडलं. मग मीच निघाले. डोक्यावरून पदर घेऊन, दोन मास्क लावून, टोपली मांडीवर घेऊन. डॉक्टर तेव्हा अंगणातल्या बदामाच्या झाडाखालीच टेबल टाकून बसत होते. त्यांनी भुरीला माझ्या हातातून घेतलं, थर्मामीटर लावलं, ताप १०४ निघाला. मांजराचं अंग तसंही आपल्यापेक्षा गरमच असतं, शंभराच्या वर दीड-दोन, पण हा तापच होता. त्यांनी तिच्या नाकाजवळ नाक नेऊन श्वासाचा आवाज ऐकला. आणि विचारलं, "घरात कुणी आजारी होतं का ताई? पंधरा दिवसांत? सर्दी, ताप, काही?"

"नाही."

पुढं मी विचारलं, तापाची पाव गोळी देऊ का. ते एकदम कडक झाले. म्हणाले, माणसाची ती गोळी मांजराचं यकृत पचवूच शकत नाही, रक्त काळं पडतं, एका गोळीत मांजर जातं. माझ्या पिशवीत तो कागदाचा पुडका होता. मी पिशवीची चेन लावून घेतली. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, त्यानं तिच्या मानेवर उंटासारखा उंचवटा आला. एक इंजेक्शन, डोळ्यांत घालायचे थेंब, आणि बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ कोंडून तिला दहा मिनिटं त्यात ठेवा असं सांगितलं. जाताना म्हणाले, "नाक बंद आहे म्हणून खात नाही. थोडी सुकट भाजून द्या, वासाचं काही." आमच्या घरात सुकट कधी आली नव्हती. आत्याबाईंनीच शेजारच्या गल्लीतून मागवली आणि तोंडाला पदर लावून स्वतः भाजून दिली. पाचव्या दिवशी भुरीनं खाल्लं. आठव्या दिवशी ती कपाटावर चढली.

म्हणजे तसं काही झालं नाही. तिची तपासणी झाली नाही. तेव्हा माणसांच्या स्वॅबलाच रांगा होत्या, मांजराचा कोण घेणार. मांजरांना त्यांची स्वतःचीही सर्दी होते, त्यांचे स्वतःचे विषाणू असतात. मी स्वतःला हे हजार वेळा सांगितलं आहे. पण त्या "नाही"ला तपासणीची गरज नव्हती. ते खोटंच होतं.

का बोलले खोटं? गल्लीत आमच्या फाटकासमोरून लोक रस्ता ओलांडून पलीकडून जात होते. दूधवाला पातेलं फाटकाबाहेर ठेवून दुरून हाक मारायचा. मला वाटलं, हो म्हटलं तर डॉक्टर भुरीवरचा हात काढून घेतील. त्यांनी काढला नसता, हे आता समजतं. आणि त्याहून खरं कारण वेगळं आहे. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मांजर तुमच्याजवळ येत होतं का? मग मला सांगावं लागलं असतं की आत्याबाईंसाठी मी दाराला आतून कडी लावली, आणि हिच्यासाठी पुठ्ठा वाकवून ठेवला.

नंतर मी वाचत सुटले. आधी भीतीनं, मग एखाद्या गोष्टीचा छडा लावल्यासारखं. हाँगकाँगमध्ये २०२० च्या सुरुवातीलाच सतरा वर्षांच्या एका पोमेरियन कुत्र्यात हा विषाणू सापडला होता. त्याची मालकीण आजारी होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनमधल्या हार्बिनच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की मांजराला हा विषाणू सहज धरतो आणि एका मांजराकडून दुसऱ्याकडं जातो, कुत्र्यात तो फारसा रुजत नाही, आणि डुक्कर, कोंबडी, बदक यांना तर लागतच नाही. कारण असं की आपल्या पेशींवरच्या ज्या प्रथिनाला धरून तो आत शिरतो, तेच प्रथिन मांजराच्या पेशीवर जवळजवळ तसंच असतं. त्याला माणूस आणि मांजर यांत फारसा फरक वाटत नाही. बहुतेक मांजरं आठवड्याभरात बरी होतात, कित्येकांना तर कळतही नाही. मग कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाची पाहणी वाचली. कोरोना होऊन गेलेल्या घरांतली ४८ मांजरं त्यांनी तपासली, त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश मांजरांच्या रक्तात लागण होऊन गेल्याची खूण होती. आणि जी मांजरं मालकाच्या अंथरुणात झोपतात त्यांना धोका जास्त, असंही त्यात होतं. ते वाक्य वाचून मी मोबाईल पालथा ठेवला. भुरी तेव्हा माझ्या पायांशी चादरीवर होती.

आणि हे काही कोरोनापासूनचं नाही. २००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा आपल्याकडं पुण्यातल्या बातम्यांनी सगळ्यांचं धाबं दणाणलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका घरात माणसं आजारी पडली आणि पाठोपाठ त्यांचं तेरा वर्षांचं मांजर. ते वाचलं. पण ऑरेगनमध्ये एक बाई फ्लूनं इतकी आजारी झाली की तिला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि ती तिथं असतानाच, कधी घराबाहेर न गेलेलं तिचं मांजर त्याच फ्लूनं न्यूमोनिया होऊन मेलं. ताप उतरताना आपल्या ओठाच्या कडेला जे फोड येतात, त्यांचा विषाणू सशाला लागला तर त्याच्या मेंदूवर जातो. लहान मुलं सशाचा मुका घेतात तेव्हा मला आता हे आठवतं. आपल्यासाठी जे चार दिवसांचं दुखणं, ते दुसऱ्या कुडीत गेल्यावर काय होईल याचा काही नेम नसतो.

हे सगळं वाचताना एक गोष्ट खुपत राहिली. आपल्या बोलण्यात रोगाची वाट नेहमी एकाच दिशेनं जाते. पिसाळलेलं कुत्रं, कोंबड्यांचा बर्ड फ्लू. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग आला, किल्लारीच्या भूकंपाला अजून वर्षही झालं नव्हतं. तेव्हा घरात उंदीर मेलेला दिसला की माणसं अंगण सोडून पळायची. २०२२ मध्ये जनावरांना लंपी आला तेव्हा आमच्या कॉलनीत पहिला प्रश्न हा होता की दूध प्यावं की नाही. गाईच्या अंगावर गाठी उठल्या होत्या, पायाला सूज, आणि आम्ही विचारत होतो दुधाचं. आपल्याकडून त्यांना काय गेलं असेल, हे विचारायला मराठीत शब्द कमी नाहीत. पण तो प्रश्न कुणी विचारत नाही.

माझी आजी विचारायची. तिच्या पद्धतीनं.

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी माळवदाचं घर होतं, ढाळजेच्या उजव्या अंगाला गोठा. आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. लहानपणी तिला 'आई' आली होती, एक भाऊ त्यात गेला होता. माझ्या मोठ्या भावाच्या दंडावर देवीच्या लशीचे दोन गोल वण आहेत, माझ्या दंडावर नाहीत, कारण मी लसीच्या वयाची होईपर्यंत देवी देशातून गेली होती. मी नऊ-दहा वर्षांची असेन, तेव्हा आमच्या चंद्री म्हशीच्या कासेला फोड आले. सडांवर हरभऱ्याच्या डाळीएवढे, मधे खोलगट. धारेला हात लावला की ती लाथ झाडायची. आठवड्यात चुलत्याच्या बोटांवर तसेच फोड आले, काखेत गाठ आली, ताप भरला. आजीनं दाराला लिंबाचा डहाळा लावला, लिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं कास धुतली, वर लोणी-हळद लावली. आणि वगारीला दूर बांधलं. मी विचारलं, "आजी, म्हशीला काय झालं?" ती म्हणाली, "देवी आली माय तिला. मानसातून गेली म्हनतेत, पर जाईल कुठं? जनावरात जाऊन बसली."

आम्ही शिकलेली नातवंडं या वाक्याला बरीच वर्षं आजीचं भाबडेपण म्हणत होतो. मग या वाचनात मला ते सापडलं. १९८५ ते १९८७ या काळात महाराष्ट्रात म्हशींना देवी आल्या होत्या आणि शास्त्रज्ञांनी त्यांचे नमुने तपासले होते. म्हशीच्या या देवीचा विषाणू हा माणसाला होणाऱ्या देवीचा नाही. तो देवीच्या लशीत वापरल्या जाणाऱ्या विषाणूचा अगदी सख्खा आहे. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की गावोगाव माणसांना लस टोचली जात होती, दंडावरचा तो ओला फोड घेऊन माणसं धारेला बसत होती, आणि त्या वाटेनं लशीचा विषाणू म्हशीत जाऊन तिथंच राहिला. माणसाची देवी संपली. जगानं १९८० साली तसं जाहीर केलं. आणि तिला संपवण्यासाठी आपण जे वापरलं, ते चंद्रीच्या कासेला राहिलं. आजीला विषाणू माहीत नव्हता, पण दिशा बरोबर माहीत होती.

आजीचा आणखी एक नेम होता. घरात कुणी तापलेलं असलं की त्याला ती धारेला बसू द्यायची नाही. "तापल्या मानसानं कासेला हात लावू नये, म्हस आटती," म्हणायची. चुलता एकदा कुरकुरला, एवढं काय होतंय म्हणून. तिनं त्याच्या हातातून चरवी काढून घेतली आणि गुडघे दुखत असताना स्वतः धारेला बसली. तिचं कारण चुकीचं असेल. पण जनावराला आपल्यापासून जपायचं असतं, हा विचार तिच्या घरात होता, आणि तीन पुस्तकं जास्त शिकून माझ्या घरात नव्हता.

त्या २०२१ च्या मे महिन्यात, भुरी कपाटावर चढायला लागली त्या सुमारास, हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातल्या आठ सिंहांना कोरोना झाल्याची बातमी आली. परभणीच्या शाळांच्या सहली हैदराबादला जातात. चारमिनार, सालारजंग आणि ते प्राणिसंग्रहालय. त्या पिंजऱ्यासमोर मी सातवीत डबा खाल्ला आहे. ते सिंह बरे झाले. जूनमध्ये मात्र चेन्नईजवळच्या वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयात नऊ वर्षांची नीला नावाची सिंहीण गेली. सिंह काही बाजारात जात नाहीत, लग्नाला जात नाहीत. त्यांच्यापर्यंत जे पोचलं ते माणसाबरोबरच पोचलं असणार, बहुधा त्यांना जीव लावणाऱ्या, रोज नावानं हाक मारून मांस टाकणाऱ्या कुणाबरोबर. त्या माणसाचा मी खूप विचार केला. त्याला कुणी विचारलं असेल का, आणि तो काय म्हणाला असेल.

हे लिहिताना मला दुसरी भीतीही वाटते, आणि तीही खरी आहे. २०२० मध्ये पहिल्या टाळेबंदीत कुणीतरी मोबाईलवर फिरवलं की कुत्र्या-मांजरांमुळं कोरोना होतो. आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या एका कुटुंबानं सहा वर्षं सांभाळलेलं कुत्रं गाडीत घालून वसमत रस्त्यावर सोडून दिलं. ते दोन दिवसांनी परत आलं, पायाचे तळवे सोललेले, आणि बंद फाटकासमोर बसून राहिलं. शेवटी समोरच्या बाईंनी त्याला घेतलं. काहींनी जनावरांचं अंग सॅनिटायझरनं पुसलं, ते त्यांनी चाटलं आणि पोटात विष गेलं. डेन्मार्कमध्ये तर फरसाठी पाळलेल्या मिंक नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांना माणसांकडून लागण झाली, मिंकांकडून बदललेल्या रूपात माणसांना परत आली, आणि २०२० च्या नोव्हेंबरात सरकारनं देशातले १ कोटी ७० लाखांच्या आसपास मिंक मारायला काढले. रोग आपण दिला आणि जीव त्यांचा गेला. म्हणून "मांजराला आपल्याकडून होतं" हे वाक्य बोलतानाही मला जीभ चावावीशी वाटते. ऐकणारा अर्धंच ऐकेल आणि मांजर घराबाहेर जाईल. करायचं असतं ते फार थोडं. आपण तापलो तर खाणं-पाणी दुसऱ्यानं द्यायचं, जवळ घ्यायचं नाही, तोंडाला तोंड लावायचं नाही, आणि दुसरं कुणी नसलं तर मास्क लावून, हात धुऊन जवळ जायचं. आपण बाजूला व्हायचं, त्याला बाजूला टाकायचं नाही.

थोडं आहे, पण सोपं नाही. या जानेवारीत मला पुन्हा ताप आला, साधाच. मी खोलीचं दार लावून घेतलं. भुरी रात्रभर दाराखालच्या फटीतून पंजा आत घालत होती. फरशीवर तिची नखं चर्र वाजायची, मग पंजा उताणा पडायचा, गुलाबी तळवा वर करून, आणि वाट बघायचा. मी पलंगावरून तो पंजा बघत होते. मी उठले नाही. पण त्या पत्र्याच्या खोलीत, त्या तिसऱ्या रात्री, हे सगळं माहीत असतं तरी मी तिला बाहेर ठेवलं असतं, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

वाचलेल्यातलं एक मी शेवटी ठेवलं आहे, कारण त्यानं माझी झोप घालवली. थायलंडच्या दक्षिणेला सोंगख्ला इथं २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोरोना झालेले बाप-लेक आपल्या मांजरासह दवाखान्यात आले. जनावरांच्या डॉक्टर बाई मांजराच्या नाकातला नमुना घेत होत्या, तेव्हा ते त्यांच्या तोंडावर शिंकलं. मास्क होता, हातमोजे होते, डोळ्यांवर काही नव्हतं. तीन दिवसांनी त्यांना लक्षणं सुरू झाली. विषाणू तपासला तर मालक, मांजर आणि डॉक्टर तिघांचा एकच निघाला. असं क्वचित होतं. पण मला भुरीच्या नाकाजवळ नाक नेऊन श्वास ऐकणारे आमचे डॉक्टर दिसत राहिले. मांजराबद्दल खोटं बोलले, एवढंच मी समजत होते. ते खोटं एका माणसाच्या तोंडावरही सांगितलं होतं.

तो पोरगा गेल्यावर आमचा नंबर आला. मी टोपली टेबलावर ठेवली, वरची सुतळी सोडली. डॉक्टर लशीची बाटली हलवत होते. मी म्हणाले, "डॉक्टर, कोरोनात हिला आणलं होतं तेव्हा तुम्ही विचारलं होतं, घरात कुणी आजारी होतं का. मी नाही म्हणाले होते. मीच होते. तेरावा दिवस होता माझा."

त्यांनी सिरिंजमध्ये लस ओढली, टिचकी मारून बुडबुडा वर आणला. "मागचे पाय धरा घट्ट," म्हणाले. मी धरले. भुरीनं कान मागं पाडले. सुई आत गेली, बाहेर आली, त्यांनी त्या जागी अंगठा दाबून धरला.

"त्या महिन्यात रोज वीस-पंचवीस जनावरं यायची," ते म्हणाले. "सगळ्यांना विचारायचो. हो असं एकजणही म्हणाला नाही."

"तुम्हाला झाला होता?"

"मेमध्ये. अठरा दिवस पडून होतो." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "तसं नका धरू ताई. कुणाचं कुठून आलं कसं सांगणार. पाय सोडा आता तिचे."

मी पाय सोडले. ती स्वतःच टोपलीत शिरली आणि तोंड फिरवून बसली. डॉक्टरांनी तिचं कार्ड पुढं ओढलं, लशीची तारीख घातली, आणि कार्ड उलटं केलं. मागच्या बाजूला वरती त्यांच्याच अक्षरात फिकट झालेली एक ओळ होती: सर्दी, ताप १०४, खात नाही. त्यापुढं थोडी जागा मोकळी होती.

"तारीख आठवते तुमच्या रिपोर्टची?"

मी सांगितली. त्यांनी त्या मोकळ्या जागेत ती बारीक अक्षरात लिहिली, त्यापुढं 'घरातील व्यक्ती पॉझिटिव्ह' असं लिहिलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं. रिक्षात बसल्यावर भुरीनं पुन्हा तोच सूर लावला.